ताऱ्याचा पंचनामा

एकोणऐंशी सालचा फाल्गुन. होळीला आठ दिवस राहिले होते, गहू कापणीला आला होता, आणि वऱ्हाडातल्या किन्हीराजाच्या अलीकडच्या एका गावात पाच शहाण्यासुरत्या माणसांनी मिळून एका ताऱ्याचा पंचनामा केला. गावाचं नाव सांगण्यात हशील नाही. त्या पाचांत कोणी चोर नव्हता, कोणी लबाड नव्हता, तरी आजही विषय निघाला की तिथली माणसं तंबाखू मळायला घेतात आणि पावसापाण्याचं बोलू लागतात.

सुरुवात इंद्रभान सरांपासून झाली. हे अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे शेलूबाजारकडचेच, पण कॉलेजात राहून भाषेला इस्त्री झालेली. महिनाभर आधी ते नकाशा घेऊन गावात आले आणि पंजाबरावांच्या ओसरीवर तो पसरून म्हणाले, "सोमवारी पाच तारखेला, रात्री आठला दहा मिनिटं कमी असताना, चंद्र एका ताऱ्याला घासून जाणार आहे."

तारा रोहिणीच्या शेजारचा, जरा फिकट. रोहिणी सगळ्यांना ठाऊक, तिच्या शेजारणीकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. चंद्राची कड त्या ताऱ्याला नुसती चाटून जाणार होती आणि ते जिथून दिसणार होतं ती रेघ जमिनीवर फार अरुंद होती. मालेगावातून पाहिलं तर वेगळं, शेलूबाजारातून पाहिलं तर वेगळं. रेघ नेमकी या गावच्या शिवारातून जात होती. गावाच्या दक्षिणेला जो गाडरस्ता जातो, त्यावर अर्ध्या-अर्ध्या मैलावर पाच दुर्बिणी मांडायच्या आणि तारा कधी गेला, कधी आला ते घड्याळ लावून लिहायचं, एवढंच काम. एरवी सरांनी विद्यार्थी आणले असते, पण मार्च महिना, पोरं परीक्षेला बसलेली.

"मला गावातली पाच जबाबदार माणसं द्या," सर म्हणाले.

"पंच पाहिजे म्हना ना," पंजाबराव म्हणाले.

सरांनी हसून मान डोलावली. पुढच्या सगळ्या गोंधळाचं बी तिथंच पेरलं गेलं, पण तेव्हा ते कोणाला कळणार?

पंजाबराव साठ एकरांचे धनी आणि गेली वीस वर्षं पंच. विहिरीत पडलेला बैल असो की पेटलेली गंजी, फौजदार गावात उतरला की आधी त्यांच्याकडे माणूस धाडी. पंचनाम्याची भाषा त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी स्वतःचं नाव घातलं, बबनरावांचं घातलं, गोविंदाचं घातलं, किराणा दुकानवाल्या हरिसिंगचं घातलं. पाचवं नाव ते आठवत होते तेवढ्यात सरांनीच विचारलं, "गावात रोज मोजमाप करणारं कोणी आहे? म्हणजे आकडा वाचायची सवय असलेलं?"

मग जानरावाचं नाव निघालं. काढावंच लागलं.

जानराव महसूल मंडळाच्या कचेरीत चपराशी. कचेरीमागे तारेच्या कुंपणात पाऊस मोजायचं भांडं होतं आणि रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मापात ओतून आकडा वहीत लिहायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. पाऊस नसलेल्या दिवशीही तो भांडं उघडून बघायचा आणि मगच शून्य लिहायचा. न बघता लिहिलेलं शून्य हे शून्य नसतं, असं त्याचं म्हणणं. एका तुटीच्या वर्षी गावाला वाटत होतं की एकतीस मिलिमीटरच्या जागी तेरा लिहावेत, म्हणजे टंचाईच्या यादीत नाव लागेल. जानरावानं एकतीस लिहिले. पंजाबराव त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत आणि नंतर मात्र चारचौघांत सांगू लागले की जानरावाचा आकडा म्हणजे आकडा.

पण आकडा मानणं वेगळं आणि माणसाला बसायला सांगणं वेगळं. जानराव बौद्ध घरातला. बाप छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. कचेरीच्या कामानं जानराव पंजाबरावांच्या ओसरीपर्यंत शंभरदा गेला असेल, पण तो पायरीशी उभा राहायचा, कागद द्यायचा आणि निघायचा. त्याला कोणी हाकलत नव्हतं. बसही म्हणत नव्हतं. या वेळी पंजाबरावांनी सरांसमोर सतरंजीवरची जागा हातानं झटकली आणि म्हणाले, "या जानराव, बसा." जानराव बसला. खोटं कशाला सांगायचं, त्या दिवशी घरी जाताना त्याला रस्ता नेहमीपेक्षा लहान वाटला.

चार संध्याकाळी सरांनी पाचही जणांना शिकवलं. दुर्बीण कशी रोखायची, डोळा किती लांब धरायचा, डोळ्यात पाणी आलं तर काय करायचं. पाहणाऱ्यानं नळीतून डोळा काढायचा नाही, नुसतं "गेला" आणि "आला" म्हणायचं. शेजारी बसलेल्यानं लाल कापड बांधलेल्या कंदिलाच्या उजेडात घड्याळाचा सेकंदकाटा वाचून लिहायचं. सरांनी पाच गजराची घड्याळं आणली होती, ती रेडिओच्या टोल्यांवर एकदम लावायची होती.

शेवटी सरांनी पाच पाकिटं वाटली. "लिहिलं की कागद आत घालायचा, पाकीट चिकटवायचं, जोडावर आपली खूण करायची. कोणी कोणाला काय दिसलं ते सांगायचं नाही. पाकीट फक्त माझ्या हातात द्यायचं."

"इतलं कुलूपबंद कायले?" हरिसिंगनं विचारलं.

सरांनी कारण सांगितलं. तरुणपणी ते मुंबईत एका ठिकाणी विश्वकिरणांच्या कामावर होते. आकाशातून येणारे बारीक कण काचेवर लावलेल्या मसाल्यात रेघा ओढून जातात आणि त्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली माणसांनी मोजायच्या असतात. एकच काच दोघांना दोन खोल्यांत द्यायची, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या आकड्यावरून कळते. एकदा जेवणाच्या सुट्टीत एकानं दुसऱ्याला आपला आकडा सांगितला आणि त्या दिवसापासून दोघांचे आकडे जुळू लागले. सहा महिन्यांचं काम फेकून द्यावं लागलं. "आताही तुमचे आकडे कार्डांवर भोकं पाडून मी मुंबईच्या संगणकाला भरवणार. त्या यंत्राला खोटं दिलं तरी ते खरं समजूनच हिशेब करतं. म्हणून कुलूप यंत्राला लावून उपयोग नाही. ते पाकिटाला लावायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काय दिसणार आहे हे मात्र सरांनी मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं तर माणसं तेच बघतात, हा त्यांचा अनुभव.

लिहिणारा जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा होता. कोणी भाचा घेतला, कोणी जावई. जानरावाची पंचाईत झाली. त्याच्या शेजारी बसून, तो सांगेल ते लिहायला गावातलं कोणी तयार होईना. तसं कोणी तोंडानं बोललं नाही, प्रत्येकाला त्या संध्याकाळी काहीतरी काम निघालं. वस्तीतली शिकलेली माणसं अकोल्याला नोकरीला. उरली ती त्याची बायको गोजराबाई. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती चार महिन्यांपूर्वी अक्षरं शिकली होती आणि आकडे तिला अक्षरांपेक्षा जास्त आवडायचे. सरांनी घड्याळ पुढे धरून तिची परीक्षा घेतली. तिनं सेकंदकाटा तीन वेळा बरोबर सांगितला आणि चौथ्या वेळी म्हणाली, "आता नाई समजलं. काटा दोन रेघायच्या मंधात हाय."

"हेच पाहिजे," सर म्हणाले. "नाही समजलं तर नाही समजलं असं लिहायचं."

सोमवार उजाडला तो स्वच्छ. संध्याकाळी गाडरस्त्यावर पाच ठिकाणी लाल कंदील लागले. सगळ्यात दक्षिणेला पंजाबराव, मग बबनराव, मधोमध जानराव, पुढे गोविंदा आणि उत्तरेच्या टोकाला हरिसिंग. सर स्वतः शेलूबाजारातून मागून आणलेली जीप घेऊन मालेगावच्या बाजूला दूर एका ठिकाणी उभे राहणार होते. घड्याळं लावून दिल्यावर ते गेले.

जानरावानं डोळा लावला. चंद्र अर्धा होता. उजेडाची बाजू पश्चिमेला आणि अंधारी कड ताऱ्याकडे सरकत चाललेली. त्याला वाटलं होतं तारा हळूहळू विझेल. तसं काही झालं नाही. तारा होता आणि नव्हता.

"गेला."

गोजराबाईची पेन्सिल कागदावर कुरकुरली.

"आला."

त्याला वाटलं संपलं. पण तारा परत गेला. परत आला. मग एकदा इतका थोडा वेळ गेला की आपली पापणी लवली की काय अशी त्याला शंका आली, पण पापणी लवली नव्हती, त्यानं ती लवू दिली नव्हती. गेला, आला, गेला, आला. गोजराबाई एकही शब्द न बोलता लिहीत होती. दोन मिनिटांत सगळं आटोपलं. सात वेळा गेला, सात वेळा आला. त्यानंतर तारा चंद्राच्या कडेपासून दूर सरकत गेला. जानरावाच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. अकरा वर्षं तो भांड्यातलं पाणी मोजत होता, पण चंद्राचं काही मोजायला मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सात वं," तो म्हणाला.

"बोलू नोका," गोजराबाई म्हणाली. तिनं कागद घडी करून पाकिटात घातला, चिकटवला आणि जोडावर आपल्या नावाचं 'गो' काढलं.

सर परत येईपर्यंत सगळ्यांनी शाळेच्या पडवीत जमायचं ठरलं होतं. गोजराबाई पाकीट घेऊन भाकरी टाकायला घरी गेली आणि जानराव दुर्बीण खांद्यावर घेऊन शाळेकडे आला. पडवीत पंजाबरावांची सतरंजी अंथरली होती आणि बाजूला तीन दगडांवर चहा उकळत होता. "या जानराव," पंजाबराव म्हणाले. त्याला कपात चहा मिळाला, सगळ्यांना मिळाला तशाच कपात.

सर यायला उशीर होत होता. जीपचं चाक पंक्चर झालं होतं हे नंतर कळलं. आणि पाच माणसं चहा पीत बसली असताना, डोळ्यांनी नुकतंच पाहिलेलं न बोलता किती वेळ बसणार?

"लय वेळ दिसलाच नाई बाप्पा," पंजाबराव म्हणाले. "गेला तो गेलाच. चार मिन्टानं आला."

"गेला?" हरिसिंग म्हणाला. "कोन गेला? माह्याइथं तं तारा हाललाच नाई. चंद्राच्या बाजूनं निंघून गेला."

"तू झोपला असशीन."

"मी झोपलो? भाच्याले इचारा!"

बबनराव म्हणाले, दोनदा गेला. गोविंदा म्हणाला, हो, दोनदा, पण जरासाच. मग सगळ्यांनी जानरावाकडे पाहिलं. त्यानं सांगायला नको होतं. सरांनी नाही म्हटलं होतं. पण चारही जणांनी सांगितल्यावर पाचव्यानं गप्प बसणं म्हणजे आपण त्यांच्यातले नाही असं म्हणण्यासारखं झालं असतं.

"सात येळा," तो म्हणाला.

पडवीत हशा पिकला. "सात? अरे तारा होता का काजवा?" बबनरावांना ठसका लागला. जानरावही कसनुसा हसला.

पंजाबराव मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "हसून नोका राहू. सर येऊन पाकिटं खोलतीन तं काय दिसीन? एक म्हन्ते गेला, एक म्हन्ते गेलाच नाई, एक म्हन्ते सात येळा. अमरावतीले जाऊन सांगतीन का या गावात पाच मानसायले एक तारा धड पाहता येत नाई. पंच फुटले का केस गेली. म्या वीस वर्सं पाह्यलं हाय."

यात त्यांचा स्वार्थ काही नव्हता. गावाचं हसू होऊ नये एवढीच त्यांची कळकळ होती आणि ती खरी होती. त्यांनी पाकिटं मागितली. गोंद आपलाच, परत लावू, असं म्हणून चार उघडली आणि कागद समोर मांडले. जानरावाचं पाकीट बायकोपाशी होतं. "राहू द्या, तुमचं तोंडी कळलं," ते म्हणाले.

मग त्यांनी निवाडा केला. दोघांचे दोन आहेत, तेव्हा दोन धरू. "म्या माह्यं एक सोडतो. हरिसिंग, तू आपलं हट्टाचं सोड, दोन पाह्यले म्हन. जानराव, तुमी पाच सोडा."

"सोडा म्हंजे?"

"दोन पाह्यले ना? सातात दोन येतेच. खोटं कुठं हाय?"

बबनरावांचं अक्षर चांगलं. पंजाबराव सांगत गेले आणि ते लिहीत गेले: "आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी मौजे मजकूर येथील शिवारातून पाहिले असता सदरहू तारा दोन वेळा दिसेनासा झाला व दोन वेळा पूर्ववत दिसू लागला. पंचनामा वाचून पाहिला, बरोबर आहे." मग चारही कागद पंजाबरावांनी चहाच्या चुलीत घातले. एका गावात दोन म्हणणी नकोत, हा त्यांचा नेहमीचा कायदा.

चौघांनी सह्या केल्या. कागद जानरावापुढे आला. त्यानं पेन हातात घेतलं आणि तसाच बसला. दोन म्हणजे सात नव्हेत, हे त्याला कळत होतं. इतकी वर्षं ज्या हातानं कधी आकडा ढळू दिला नाही तोच हात हा. पण पंजाबराव जवळ सरकले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आज गावाची गोष्ट हाय, जानराव. तुमी बी पाचातलेच." त्यांचा हात आजवर कधी त्याच्या गुडघ्यावर पडला नव्हता. आपण नाही म्हटलं तर सतरंजीवर परत कोणी बस म्हणणार नाही, हे जानरावाला स्पष्ट दिसत होतं, आणि त्याला बसायचं होतं. फार बसायचं होतं. त्यानं सही केली.

जीपचे दिवे शाळेच्या भिंतीवर पडले तेव्हा गोजराबाईही येऊन पोचली होती. ती पडवीच्या खांबापाशी उभी राहिली. सर घाईघाईनं वर आले, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "झालं ना? पाकिटं?"

पंजाबरावांनी पंचनामा दोन्ही हातांनी दिला. सरांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि 'दोन वेळा'पाशी त्यांचा आवाज बसला. त्यांनी पाचही सह्या पाहिल्या. मग ते पायरीवर बसले.

"एकमतानं केलं सर," पंजाबराव म्हणाले. "एकाचंही वाकडं नाई."

"मूळ कागद कुठं आहेत?"

हरिसिंगनं चुलीकडे पाहिलं.

"अहो, तुमचं जुळायला नकोच होतं!" सरांच्या भाषेची इस्त्री एकदम मोडली. "इतलं जुळून राह्यलं, याचाच अर्थ हे खोटं हाय. एकच आकडा पाहिजे असता तं म्या एकच मानूस उभा केला असता ना! पाच कायले?"

तेव्हा गोजराबाई खांबापासून पुढे झाली. पदर सावरून तिनं पाकीट सरांच्या हातात दिलं. "हे घ्या. तुमी म्हनलं होतं तुमच्याच हाती द्याचं."

सरांनी जोडावरचा 'गो' पाहिला, पाकीट फोडलं आणि कंदील जवळ ओढला. चौदा ओळी होत्या. सात गेल्याच्या, सात आल्याच्या. वेड्यावाकड्या आकड्यांपुढे तास, मिनिट, सेकंद. एका ओळीपुढे तिनं लिहिलं होतं, "हे नीट नाई समजलं". सर तो कागद कितीतरी वेळ बघत राहिले.

"जानराव," ते शेवटी म्हणाले, "ही सही तुमची. आणि हा कागदही तुमच्याच दुर्बिणीचा. दोन्ही खरं असू शकत नाही. काय खरं?"

पंजाबराव त्याच्याकडे बघत होते, बबनराव बघत होते, आणि बायको मुद्दाम जमिनीकडे बघत होती. अजूनही बायकोनं चुकीचं लिहिलं असेल असं म्हणता आलं असतं. चार महिन्यांपूर्वी अक्षरं शिकलेली बाई, सगळ्यांनी मान्य केलं असतं. हा विचार आपल्या मनात आला याची त्याला जन्मात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली.

"सही खोटी हाय सर," तो म्हणाला. "कागद खरा हाय. सात येळा गेला."

"वा रे जानराव," पंजाबराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. "तुले आमी संगं बसवलं, त्याचं हे केलं?"

'तुमी'चं परत 'तुले' झालं होतं. जानरावाच्या ते लक्षात आलं. जागा दिली होती ती अशी दिली होती, आणि आता ती परत घेतली. तो सतरंजीवरून उठला आणि बायकोशेजारी जाऊन उभा राहिला.

"त्यानं बरोबर केलं," सर म्हणाले. "आणि पंजाबराव, तुम्हालाही बरोबरच दिसलं होतं. हरिसिंगलाही. सगळ्यांना." त्यांनी शाळेच्या कुंपणाकडे बोट दाखवलं. दगडी कुंपण, वरचे दगड पडून जागोजाग खाचा पडलेल्या. "त्या कुंपणापलीकडून कोणी कंदील घेऊन चाललं, तर बुटक्या माणसाला कंदील दिसतच नाही. उंच माणसाला सारखा दिसतो. आणि ज्याचे डोळे बरोबर कुंपणाच्या वरच्या कडेला असतात, त्याला तो खाचांमधून लुकलुकतो. चंद्राच्या कडेला तसे डोंगर आहेत. तुमच्यातला प्रत्येक जण वेगळ्या उंचीवरून बघत होता. जानराव नेमके कडेवर होते. बबनरावांचे दोन आणि गोविंदाचे दोनसुद्धा एक नव्हते, वेळा बघितल्या असत्या तर कळलं असतं. पाचही कागद असते तर त्या डोंगरांची उंची काढता आली असती."

पंजाबरावांनी वळून त्या खाचांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्यं एक होतं. चार मिन्टं. लिवून घ्या."

"आता नाही घेता येत. एकमेकांचं ऐकून झालं."

"मंग हे आंदी काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेच पाहिलं असतं."

"आन् नाई सांगितलं तं आमी हे केलं."

सरांनी दोन्ही कागद एका फायलीत ठेवले. जानरावानं विचारलं, "सर, त्या पंचनाम्यावरची माही सही खोडता येईन काय?" सर म्हणाले, येणार नाही, जे मिळालं ते मिळालं तसं ठेवावं लागतं. मग पेन काढून त्यांनी गोजराबाईच्या कागदावर पाहणाऱ्याचं आणि लिहिणारीचं नाव घातलं, दुर्बिणी जीपमध्ये चढवल्या आणि निघून गेले. त्या गावच्या शिवारात चंद्र आणि तो तारा परत असे कधी भेटतील असं हरिसिंगनं जाता जाता विचारलं होतं. आपल्या हयातीत नाही, असं सर म्हणाले.

वस्तीकडच्या रस्त्यानं जानराव आणि गोजराबाई चालू लागली. चंद्र अजून वर होता. त्याच्या शेजारचा तारा जानरावाला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत होता, पण त्यानं मान वर केली नाही.

"काहून दिला वं कागद?" तो म्हणाला. रागानं नाही, पण विचारल्याशिवाय राहवेना. "म्या सही केली होती ना. सर वाचून राह्यले होते, तुले आयकू आलं ना?"

"आलं."

"मंग?"

"सरायनं मले सांगितलं होतं, दिसलं ते लिवजो, लिवलं ते देजो. तुमच्या सहीचं मले कोनं इचारलं?"

जानरावाच्या तोंडून निघून गेलं, "पंजाबरावानं संगं बसवलं होतं वं. इतल्या वर्सात पयल्यांदा. उठवतीन याचं भेव वाटलं मले."

गोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"तुमाले उठाचं भेव होतं. मले कायचं भेव असीन? मी तं उभीच होती."